राहिलेली ओटी

तो प्रसंग मी सांगितला होता, कुसुमनं नाही. हे आजवर कोणाजवळ बोललो नाही. आईजवळ तर नाहीच.

कुसुम माझी धाकटी बहीण. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते; तिथल्या नाटकांत तिचं नाव झालं आणि मुंबईहून बोलावणं आलं. एकट्या पोरीला कसं पाठवायचं, म्हणून मीही निघालो. आमच्याकडे लेक घर सोडताना आई तिच्या ओटीत नवं धान घालते. त्या दिवशी घाईत ते राहिलं, आणि वरठी स्टेशनात आईला आठवलं तेव्हा गाडी हलली होती. हात केला की आमच्या कोंढ्याची एस.टी. थांबते, तशीच आगगाडी थांबेल असं समजून आई फलाटावरून धावत सुटली.

"ओ डायवरदादा, थांबा ना जरासे! माह्या पोरीची ओटी राह्यली!"

शेवटी तिनं धान खिडकीतून आत फेकलं. डब्यातले लोक खो खो हसले. कुसुम बाकाखाली वाकून दाणे वेचत राहिली.

मुंबईत तिला टीव्हीच्या मालिकेत सोशिक सुनेचं काम मिळालं. 'मले-तुले' सुटेपर्यंत तिला घोकायला लावलं. आमच्या बोलीत म्हणे सून रडलेली शोभत नाही! मालिका संपली, विनोदी सिनेमे आले, आणि त्याच लोकांना तीच बोली हवी झाली. कोणासाठी? मोलकरणीसाठी. आमची माणसं यांना भांडी घासतानाच दिसतात. अजून डोकं तापतं माझं.

पण त्यांना दारूगोळा मीच पुरवला. सेटवर चहा चालला होता, लेखकाला विनोद सुचत नव्हता. मी आईचं ते धावणं सांगितलं, पदर खोचून पळाल्यासारखं करूनही दाखवलं. सगळे पोट धरून हसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणी बसायला खुर्ची दिली.

मोलकरणीच्या त्या प्रसंगाचा कागद हातात पडल्यावर कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. "दादा, ही आई आहे."

"सिनेमा आहे. कर," मी म्हणालो.

तिनं केलं. फार चांगलं केलं.

सिनेमा पवनीला लागला. लेकीचं काम पाहायला आई नवं लुगडं नेसून गेली. थेटर हसत असताना मागून कोणीतरी ओरडलं, "अवं सरूबाई, हे तं तूच हायेस ना वं!" आई उठून बाहेर आली.

त्या दिवाळीला आम्ही दोघं घरी गेलो. परत निघताना आई धानाच्या सुपाजवळ गेलीच नाही. "आता कायले भरू ओटी? तूनं सिनेमात भरून घेतली ना!" कुसुमनं माझं नाव घेतलं नाही. मी दारात चपला घालत होतो. घालतच राहिलो.

त्यानंतर ती गावी आली नाही. मी दरवर्षी येतो, आईच्या हातचा भात खातो आणि चावडीवर कुसुमला बेशरम म्हटलेलं ऐकतो. गावच्या दंडारीच्या खेळात लुगडं नेसून नाचणाऱ्या गड्याला शिट्ट्या मारणारे तुम्ही, तिला कोणत्या तोंडानं बेशरम म्हणता? आणि हे ऐकून गप्प बसणारा मी तरी कोण?

लोक विचारतात, घर कुठं? मी कोंढा सांगतो. पण तिला जिथं येता येत नाही, ते घर मी एकट्यानं बळकावलंय.

आईला समोर बसवून खरं सांगायचं आणि कुसुमला वरठीला उतरवून घरी आणायचं, एवढं माझ्याकडून अजून राहिलं आहे.