सर्जेरावाच्या इलेक्ट्रोडला कुंकू

सर्जेराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्लामपुरात चपलांच्या दुकानात, एक पाय नव्या चपलेत घालून बसलो होतो. तसाच उठून त्याच्या गावाची, आष्ट्याची वाट धरली आणि अर्ध्या रस्त्यात भलतंच झालं... मला हसूच यायला लागलं. त्याला मी तरी काय करू? एका साखर कारखान्यात आमची उमर गेली, मी बॉयलरवर आणि तो तिथली उपकरणं सांभाळायला. या गड्यानं मला कधी रडवलंच नव्हतं. आता एकदम कसं जमणार?

भांडायचो मात्र रोज. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे हे सांगणारे इलेक्ट्रोड म्हणजे त्याचा जीव की प्राण. पॅनेलवर एकाखाली एक दिवे. इलेक्ट्रोड पाण्यात असला की हिरवा, नसला की लाल. पाणी कमी पडलं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर वाफेबरोबर टर्बाइनमध्ये घुसतं. म्हणून एखादा दिवा खोटं बोलला की मी कावायचो आणि सर्जेराव शीळ घालत जिना चढायचा.

तो निवृत्त होणार त्या वर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगामाआधी बॉयलर पेटवायच्या, पूजेचा मान त्याला आणि त्याच्या बायकोला मिळाला. मालनवहिनी लय हरखल्या होत्या. खालची पूजा झाल्यावर म्हणाल्या, नवरा जन्मभर जिथं राबला ते यंत्र मला बघायचंय. जरीची साडी सावरत पार ड्रमपर्यंत चढल्या. सर्जेरावानं कौतुकानं इलेक्ट्रोडवरचं झाकण उघडून दिलं. वहिनींनी सगळ्यात वरच्याला ओलं हळदकुंकू लावलं, त्यावर नारळाचं पाणी शिंपडलं.

आम्ही खाली येतोय तर अलार्म बोंबलतोय. पाणी जास्त! मशाल तयार, पाहुणे खुर्च्यांवर, आणि बॉयलर पेटवता येईना. तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, पोरबाळ नसलेल्या जोडप्याला कशाला बसवलं पूजेला. वहिनींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्या माणसाचं नरडं धरावंसं वाटलं. हे बोलणं गावात गेलं असतं तर जन्मभर त्यांना चिकटलं असतं.

सर्जेराव पॅनेलसमोर उभा राहिला. खालचे दिवे हिरवे, मधले लाल आणि सगळ्यात वरचा पुन्हा हिरवा. मला म्हणाला, मधल्यांना चुकवून पाणी वर गेलंच कसं? मला तिथंच थांबवून तो वर पळाला आणि वरच्या इलेक्ट्रोडची वायर काढली. दिवा लाल झाला. म्हणजे वायर, पॅनेल ठणठणीत. बिघाड इलेक्ट्रोडच्या डोक्यावरच. ओल्या कुंकवानं तिथं करंटला वाट करून दिली होती. त्यानं कोरड्या फडक्यानं ते लख्ख पुसलं, वायर जोडली. दिवा लालच राहिला आणि अलार्म गप्प झाला.

खाली येऊन त्यानं ते लालभडक फडकं सगळ्यांपुढं धरलं.

"झाकण मी उघडलं, म्हणून आत ओल गेली. हिच्या हाताला दोष न्हाई. आता मशाल हीच लावंल."

वहिनींनी मशाल लावली, जाळ धडाडला. घरी जाताना सर्जेराव त्यांना चिडवत होता, माझ्या मशीनला एवढा देखणा बिघाड आजवर कुणी केला न्हाई. आणि त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तो गेल्यावरच्या पहिल्या, परवाच्या अग्निप्रदीपनाला वहिनींना आणायला मी आष्ट्याला गेलो. त्या म्हणाल्या, आता माझा हात कशाला, भाऊजी? मी कावलोच. म्हटलं, आवं, त्याच्या मशीनला दुसऱ्या कुणी कुंकू लावलेलं त्याला चालंल का? मुकाट्यानं आल्या. पाहुणे जमायच्या आधीच आम्ही वर चढलो. वहिनींनी झाकणाला बाहेरूनच बोट टेकवलं.

"आत न्हाई लावत," त्या म्हणाल्या. "पुसायला त्यास्नी परत वर यावं लागंल."

मग जरा थांबल्या... मला झाकण उघडायला सांगितलं आणि ओलं बोट वरच्या इलेक्ट्रोडवर टेकवलं.

खाली अलार्म वाजायला लागला. फडकं माझ्या खांद्यावरच होतं. मी ते लगेच काढलं नाही.