तोफेच्या दोन बाजूंचे कान

सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या शेजारी बिनखिडकीची एक खोली होती. भिंतींना जाड फोम, मध्ये काच. तिथे कान तपासणाऱ्या बाईंना सगळे कानवाल्या बाईच म्हणत. नवरा थट्टेनं म्हणायचा, "दिवसभर बहिऱ्यांशी बोलतेस आणि घरी येऊन माझ्यावर ओरडतेस." त्यात खोटं काही नव्हतं.

एका सकाळी एक सून सासऱ्यांना घेऊन आली. सत्तरीचे, ताठ बसणारे गृहस्थ. "बाबा हवं तेवढंच ऐकतात," ती कंटाळून म्हणाली.

तपासणी झाली. कागदावरची रेघ पाहून बाई थबकल्या. वयानं जाणारे कान हळूहळू उतरत जातात. ही रेघ एके ठिकाणी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती, आणि डावा कान जास्तच गेलेला. बाईंनी मोठ्यानं विचारलं, "काका, तोफखान्यात होता का?"

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या कानांनीच."

अठरा वर्षं तोफेवर काढली होती त्यांनी. पण सेवापुस्तकात लिहिलं होतं, श्रवण उत्तम. "निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टर पाठीमागून सगळ्यांना तोच आकडा कुजबुजायचे, आपण तो सांगायचा," ते म्हणाले. "माझ्या आधीच्याला मी आकडा विचारून ठेवला होता. पुढे पहारेकऱ्याची नोकरी धरायची होती. बहिरा पहारेकरी कोण ठेवणार?"

"अर्ज करा. ऐकण्याचं यंत्र, उपचार, सगळं मिळतं माजी सैनिकांना."

ते उठले. "आमच्या तोफेवर सहा जण होतो. दोघे परत आले नाहीत. मी कानाचं गाऱ्हाणं घेऊन जाऊ?"

बाईंनी आग्रह केला नाही. एवढंच विचारलं, "बाकीच्या तिघांचे कान कसे आहेत?"

काका पुन्हा बसले. दोघे अलीकडे वारले होते. गोळे भरणारा तेवढा उरला होता, बसनं दोन तासांवर. अकरा वर्षांत भेट नाही. फोन करावा तर दोघंही "मोठ्यानं बोल" म्हणत आणि शेवटी ठेवून देत.

पुढच्या आठवड्यात काका स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. तो कुणाशी बोलेनासा झाला होता. काही विचारलं तर भलतंच उत्तर द्यायचा, म्हणून मुलांनी त्याला भ्रमिष्ट ठरवलं होतं. बाईंनी तपासलं. डोकं जागेवर होतं, कान गेले होते. स्वतःसाठी नको म्हणणाऱ्या काकांनी मित्रासाठी साक्ष लिहिली, मित्रानं काकांसाठी. कुजबुजीची गोष्टही दोघांनी लपवली नाही.

चार महिन्यांनी दोन्ही अर्ज परत आले. कारण तेच, श्रवण उत्तम.

बाई रजा टाकून कार्यालयात गेल्या. "तुम्ही यांच्या कोण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"कान तपासते." त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. "खड्डा एकाच जागी आहे बघा. यांचा डावा जास्त गेलाय, त्यांचा उजवा. एकाच तोफेच्या दोन बाजूंना उभे असायचे."

अधिकाऱ्यानं दोन्ही रेघा ताडून पाहिल्या. मग त्यानं दोन्ही फाइली पुन्हा तपासणीला पाठवल्या. मंजुरी यायला वर्ष गेलं.

यंत्र बसवलं त्या दिवशी काका खालमानेनं बसून राहिले. "बायको जाताना काहीतरी म्हणाली होती," ते हळूच म्हणाले. "मला कळलं नाही. मी नुसती मान हलवली."

दाराशी उभी असलेली सून पुढे आली. "मी तिथेच होते, बाबा. आई आम्हाला म्हणाल्या, यांना ऐकू येत नाही, यांच्यावर रागावू नका. मला वाटलं, त्या तुमची बाजू घेतायत."

काकांनी तिला जवळ बसवलं. "परत सांग. तिच्या शब्दांत सांग."

तिनं सांगितलं. बाई काचेपलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर साठीपुढच्या प्रत्येकाला बाई आधी विचारत, पूर्वी काम काय करत होता? निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकतीस माजी सैनिकांचे अर्ज लिहून दिले. सगळे मंजूर झाले नाहीत. नामंजूर झालेल्यांच्या फाइली त्यांनी त्यांच्या जागी नव्यानं आलेल्या मुलीकडे सोपवल्या आणि प्रत्येकाची हकीगत तिला बसवून सांगितली.