बुदवंतमामा आणि माझा मांजरगोठा

बुदवंतमामांनी मला कधी 'नाही' म्हटलं नाही. मी काहीही सांगावं, त्यांनी मान तिरपी करून 'व्हय, रावसाब' म्हणावं, आणि मग जाऊन त्यांना जे करायचं तेच करावं. पहिले चार-सहा महिने मला वाटायचं, काय हा आज्ञाधारक माणूस! या रानात माझ्या शब्दाला वजन आहे, असं मी बेळगावला वडिलांना पत्रात लिहूनसुद्धा टाकलं. त्या 'व्हय'चा अर्थ 'तुमचं बोलून झालं असलं तर मी कामाला लागतो' एवढाच आहे, हे कळायला मला मांजरं पाळावी लागली.

मी तेव्हा सुप्याकडं जंगल खात्यात कारकून होतो. वय चोवीस, मिशा नुकत्या फुटलेल्या, आणि इंग्रजी वाचता येतं हा एक मोठा रोग अंगात. गाव काळी नदीच्या वरच्या अंगाला, उणीपुरी तेरा घरं. सगळे भातशेती करणारे कुणबी. बुदवंत म्हणजे त्यांच्यातला मानाचा माणूस; देवाचं कार्य असो की बांधाचं भांडण, शेवटचा शब्द त्याचा. मामांचं खरं नाव निराळं होतं, पण ते त्यांच्या बायकोलासुद्धा कधी घ्यावं लागलं नसेल. आमचं कुटुंब त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. ते तिला अक्का म्हणायचे आणि मला रावसाब. या दोन हाकांत माया कुठली आणि शिष्टाचार कुठला, हे मी सांगायला नको.

त्या वर्षी उन्हाळ्यात वेळू फुलला. एक बेट नव्हे, डोंगरच्या डोंगर. मला तो देखावा फार आवडला आणि मी तसं मामांना सांगितलं. त्यांनी एकदा डोंगराकडं बघितलं. मग म्हणाले, "फुलला की वेळू मरतोय, रावसाब. त्याचं बी पडतंय. बी खाऊन उंदीर माजत्यात. बी सरलं की घरात येत्यात. पुढल्या उन्हाळ्यात आमच्या बियाण्यावर पडतील बगा." भाताचं बियाणं पेंढ्याच्या गोल मुडीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवायची तिकडची रीत. मुडी गेली म्हणजे पेरणी गेली, आणि पेरणी गेली म्हणजे वर्षभर कंदमुळं उकरत हिंडायचं. मामांच्या लहानपणी असं एकदा झालं होतं. त्यात त्यांची धाकटी बहीण गेली. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेसुद्धा वेळूच्या कांबी तासता तासता.

उंदरांवर उपाय मांजर. पण सगळ्या गावात मिळून मांजरं दोन, आणि त्यातलं एक म्हातारं. रानाकडेचं गाव, कधी कोल्हा नेई, कधी बिबट्या. पिल्लं झाली तर ती बोकाच मारी. इथं माझं इंग्रजी उफाळून आलं. कोंबड्यांच्या पैदाशीवर एका मासिकात मी काही वाचलं होतं. कोंबडीच्या जागी मांजर घातलं की झालं, अशा हिशेबानं मी छाती फुगवून सांगितलं, "मामा, मी मांजरांची पैदास करतो. उंदीर माळ्यावर चढायच्या आत घरटी एक मांजर देतो."

"व्हय, रावसाब," मामा म्हणाले. पण या खेपेला ते थोडे पुढं सरकून बसले होते. त्यांना खरंच आशा वाटली होती.

मी चार दिवस खपून नकाशा काढला. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, मांजरांचा उघड्यावरचा गोठा. बोक्याची खोली वेगळी, मांजरींची वेगळी, बाळंतिणीची आणखी वेगळी. मध्ये फिरायला अंगण. वेळू तोडायला खात्याचा परवाना लागे, तो मीच मला लिहून दिला आणि कारणाच्या रकान्यात 'मार्जारसंगोपनार्थ' असं झोकात लिहिलं. कुटुंबानं ते वाचलं आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

मामांनी नकाशा हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, 'व्हय' म्हणाले आणि नदीपलीकडून न फुललेला हिरवा वेळू आणायला गेले. फुललेला वेळू हात लावताच तडकतो म्हणे. त्यांच्या कामात फूटपट्टी नव्हती, खिळा नव्हता. वीत, हात आणि पाऊल एवढ्यावर सगळं माप. वेलाच्या गाठी अशा मारायचे की ओढावं तितक्या आवळत जाव्यात. मी खुर्ची टाकून देखरेख करायचो. ते मधूनमधून मला 'वाईच तिकडं सरका' म्हणायचे. माझा त्या कामातला हातभार एवढाच.

दसऱ्याला गोठा तयार झाला. आमची मनी कुटुंबानं माहेराहून टोपलीतून आणलेली, गाभण. दोन मांजरी कॅसलरॉक स्टेशनच्या मालधक्क्यावरून पोत्यात घालून आणल्या. आणि एक बोका, त्याला मामा 'पाटील' म्हणायचे, कारण काम काही न करता मिशा राखतो. मी समारंभानं चौघांना आत सोडलं, दार लावलं आणि बाजूनं देखावा कसा दिसतो ते बघायला गोठ्याला वळसा घातला. वळसा पुरा होईपर्यंत आत चिटपाखरू नव्हतं. पाटील कुंपणावर बसून मिशा चाटत होता, आणि मनी आमच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यापाशी सापडली.

माझ्या नकाशात छप्परच नव्हतं!

मामा हसले नाहीत. म्हणाले, "तुमचं चितार वरनं बगितल्यालं हाय, रावसाब. मांजरबी वरनंच बगतंय." आणि गोठ्यामागं गेले. तिथं छपराच्या कांबी आधीच मापानं कापून, बांधून ठेवलेल्या होत्या. "मग आधी का नाही सांगितलंत?" मी चिडून विचारलं. "तुमी इच्यारलं न्हाई," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत छप्पर चढलं.

एवढ्यानं शहाणा झालो असतो तर मी कारकून कशाला राहिलो असतो! मनी व्यायली तेव्हा मी तिला नकाशाबरहुकूम बाळंतिणीच्या खोलीत ठेवलं. मामांनी त्या आधी गोठ्यात इकडंतिकडं सहा-सात टोपल्या टांगल्या होत्या, त्या मी 'हा काय पसारा' म्हणून काढायला लावल्या. ते 'व्हय' म्हणाले आणि काढल्या. मनीनं दुसऱ्या दिवसापासून पिल्लू तोंडात धरून फेऱ्या सुरू केल्या. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पुन्हा तिथून इथं. ठेवायला दुसरी जागाच नाही. तिसऱ्या दिवशी चारांतली दोन पिल्लं तिच्या त्या ओढाताणीत गेली. कुटुंब माझ्याशी दोन दिवस बोललं नाही. बोललं तेव्हा म्हणालं, "अहो, मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. तुम्हाला इंग्रजीत नाही का ते लिहिलेलं?"

मी गोठ्याकडं गेलो तर टोपल्या परत टांगलेल्या. सात. आत सुकलेलं गवत. मनीनं एकेक पिल्लू मानेला धरून सगळी घरं फिरवली आणि शेवटी पुन्हा पहिल्याच टोपलीत आणून ठेवलं. मामा खांबाला टेकून बघत होते. मला म्हणाले, "फिरून बगितल्याबिगर आईला पटत न्हाई." एवढंच, टोचून बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बोलले असते तर बरं, असं मला फार वेळा वाटलं.

त्यानंतर मात्र गोठा भरला. मालधक्क्यावरच्या दोघीही व्याल्या, आणि पौष संपता संपता अकरा पिल्लं उड्या मारू लागली. फाल्गुनात ती चांगली हाताला आली, उंदीर मारायला लागली. मामा रोज सकाळी रानात जाताना गोठ्यापाशी थांबायचे आणि प्रत्येकाकडं बघून हे कुणाच्या घरचं, ते कुणाच्या घरचं, हे ठरवायचे. एकीकडं गावात माळ्यांवर खुडबुड सुरू झाली होती. ते मला म्हणाले, "रावसाब, दार कवा उगडायचं?"

आणि इथं मी माती खाल्ली.

आमचे वरचे साहेब पंधरा-वीस दिवसांत फिरतीवर येणार होते. मांजरांनी गच्च भरलेला गोठा त्यांना दाखवावा, रानातल्या कारकुनाची अक्कल त्यांना दिसावी, जमलं तर बढती पदरात पडावी, असे मांडे मी मनात भाजत होतो. अकराच्या अकरा आत हवी होती. मी म्हणालो, "साहेब येऊन जाऊ देत, मामा. मग लगेच उघडू." मामा या वेळी लगेच 'व्हय' म्हणाले नाहीत. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे राहिले. मग म्हणाले, "दोन तरी द्या." मी फार उदारपणे दोन दिली. मला वाटलं, एक ते स्वतः ठेवतील. त्यांनी एक एका विधवा बाईच्या घरी दिलं आणि दुसरं ज्या घरात तान्हं पोर होतं तिथं. आठवड्यानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मांजरं माझी नव्हती, गोठा माझ्या हातचा नव्हता, बियाणं तर नव्हतंच नव्हतं. पण दाराची कडी माझ्या ताब्यात होती.

साहेब पंधराच्या जागी पंचवीस दिवसांनी आले. गोठ्यापाशी उभे राहिले, मी तोंड उघडणार तोच त्यांना शिंका सुरू झाल्या. सात की आठ. मांजर त्यांना सोसत नसे. रुमाल नाकाला लावून ते डाकबंगल्याकडं चालू लागले, आणि माझी बढती त्यांच्या मागून निघून गेली. त्याच दुपारी मी दार उघडलं. उरलेली नऊ पिल्लं मामांनी पोत्यात घालून घरोघर पोचवली. मनी आमच्याकडं राहिली; मालधक्क्यावरच्या दोघींपैकी एक मामांकडं गेली, दुसरी उरलेल्या एका घरी. तेरा घरं, तेरा मांजरं. मी स्वतःवर खूष होतो!

चार दिवसांनी कुटुंब पाण्याहून आलं ते कमरेवरची घागर न उतरवताच दारात उभं राहिलं. म्हणालं, "मामांच्या दोन्ही मुड्या गेल्या." बाहेरून पेंढा जसाच्या तसा, गाठ तशीच, आणि आत नुसती फोलं. साहेबांच्या वाटेकडं मी डोळे लावून बसलो होतो त्याच दिवसांत कधीतरी हे झालं होतं. गावात बाकी दोन-तीन घरांचं थोडंफार गेलं. पुरतं गेलं ते एकट्या मामांचं.

मी गेलो त्यांच्या घरी. जाताना मनात बरंच जुळवून ठेवलं होतं. मामा अंगणात टोपली विणत होते. त्यांनी मला बसायला पाट दिला, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. शेवटी मीच म्हणालो, "मामा, मी चुकलो. माझ्यामुळं झालं हे." ते काम न थांबवता म्हणाले, "व्हय, रावसाब." खोटं सांत्वन नाही, राग नाही. मग म्हणाले, "पाणी घ्या की. घसा सुकलाय तुमचा."

मृग जवळ आला तेव्हा गावानं एक केलं. ज्यांच्या घरी मांजर पोचलं होतं त्या प्रत्येकानं मामांना आपल्या मुडीतलं पायलीभर बियाणं आणून दिलं. मामांनी ते डोक्याला लावून घेतलं आणि पेरलं. पण बारा घरचं बियाणं बारा परींचं. कुणाचं लवकर येणारं हळवं, कुणाचं उशिरा येणारं गरवं, कुणाचं लाल, कुणाचं जाडं. मामांचं शेत माझ्या कचेरीच्या वाटेवर होतं. भाद्रपद संपता संपता त्यातलं काही पोटरलं, काही नुसतं हिरवं. दिवाळीत सगळ्या गावाची कापणी उरकली तरी मामा एकेक लोंबी निवडून कापत होते; इथली मूठ पिकलेली, शेजारची अजून दुधात. पाखरांनी निम्मं नेलं. मी रोज जाता-येता ते बघायचो. एक दिवस कोट काढून मीही विळा घेऊन उतरलो आणि पहिल्याच मुठीत बोट कापून घेतलं. मामांनी पाला चुरगळून बांधला आणि मला बांधावर बसवलं. कुटुंब मात्र पदर खोचून सांजेपर्यंत त्यांच्या बरोबरीनं कापत होतं.

पौषात माझी बदली झाली. मामा गाडीबरोबर कॅसलरॉकपर्यंत चालत आले. गाडीत बसा म्हटलं तर 'व्हय' म्हणाले आणि चालतच राहिले. स्टेशनात त्यांनी खांद्यावरचं गाठोडं कुटुंबाच्या हातात दिलं. "अक्का, नव्या भाताचं तांदूळ हायत. नव्या गावात पयला भात ह्याचा घाला." पुढं त्यांची माझी भेट झाली नाही. तीन वर्षांनी तिकडून आलेल्या गाडीवानानं सांगितलं, बुदवंत गेले.

नव्या गावी कुटुंबानं त्या तांदळाचा भात केला. बारा जातींचे दाणे एका पातेल्यात. हळव्याचा गिच्च गोळा, तर गरवा दाताखाली करकरणारा. किती पाणी घातलं, किती वेळ ठेवला, तरी सगळे एकदम शिजेनात. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, निवडून वेगवेगळा कर. तिनं नाही म्हटलं. म्हणाली, "मामांनी एकेक लोंबी निवडून कापलंय हे. आता तुम्ही चावून खा." गाठोडं महिनाभर पुरलं. मी रोज चावून खाल्लं, आणि पानात एक शीत टाकलं नाही.