मास्कआडचा आवाज

दिल्लीतल्या एका मराठी शाळेच्या बालवर्गात मी मुलांना अक्षरांच्या आवाजांचा खेळ शिकवायचे. मी 'फ' म्हटलं की टोपलीतून फुगा आणायचा, 'च' म्हटलं की चमचा. एक चार वर्षांची मुलगी नेहमी सगळ्यांच्या आधी धावायची.

दिवाळीनंतर हवा बिघडली आणि आम्हा सगळ्यांना मास्क लावावे लागले. त्या दिवशी मी 'फ' म्हटलं, तर ती जागची हललीच नाही. नुसती माझ्या मास्ककडे बघत राहिली. मी मास्क खाली ओढून पुन्हा म्हटलं, तर लगेच फुगा घेऊन आली. मग तिच्या पाठीमागे जाऊन मी तिला नावाने हाक मारली. तिने मान वळवली नाही.

शाळा सुटल्यावर तिच्या आईला म्हटलं, "एकदा कान तपासून घ्या."

"पण घरी तर तिला अगदी सगळं समजतं, मॅडम."

तपासणीत कळलं, तिला फार कमी ऐकू येत होतं आणि तेही कमी होत चाललं होतं. ती आमचे ओठ बघून ओळखत होती.

"ऐकणं गेलं तरी बोलणं टिकेल ना हो तिचं?" आईने मला विचारलं.

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, बघू." तिने मुलीचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं आणि दोघी गेटकडे निघाल्या.