बिनजाळीचा गोल

धुळ्याच्या त्या मैदानावर गोलला जाळी नव्हती. दोन बांबू उभे, एक आडवा, तोही मधे वाकलेला. तरी दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, की धुळ्याच्या बचावपटूच्या पायाला लागून चेंडू अलगद जाळ्यात विसावला. मी ते जळगावला चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चेंडू कुणाच्याही पायाला लागला नव्हता. माझ्या मित्राने तो डाव्या अंगाने, चांगला वीस पावलांवरून मारला होता. जाळीच नसल्यामुळे तो मागच्या शेंगदाणेवाल्याच्या हातगाडीवर जाऊन आदळला. त्या माणसाने आम्हाला ज्या शिव्या घातल्या त्या मी स्वतःच्या कानांनी ऐकल्या आहेत. बातमीत मित्राचं नावसुद्धा नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमच्याकडे फुटबॉल बघणारी माणसं तेव्हाही मोजकीच होती. मेहरूणच्या तलावाकडच्या मैदानावर संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण ठरलेले. जळगावचा संघ बाहेरगावी खेळायला गेला की आम्ही मिळेल त्या वाहनाने मागे जायचो. क्रिकेटमध्ये कुणाचा अंगठा सुजला तरी पेपरात दोन कॉलम, आणि आमच्या सामन्याला चार बोटं जागा. बरं, तेवढ्या चार बोटांत तरी खरं लिहावं? धुळ्याहून बातमी पाठवणारा गृहस्थ तिथल्याच क्लबचा सेक्रेटरी होता. धुळे जिंकलं की तो घणाघाती खेळ, आणि आम्ही जिंकलो की ते दैव. वर छापलेलं असायचं, ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. कुणाचा प्रतिनिधी ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

एरवी मी चार शिव्या देऊन गप्प बसलो असतो. पण या वेळी मित्राच्या नोकरीचा प्रश्न होता. तो एरंडोलजवळच्या एका खेड्यातला. घरची कोरडवाहू जमीन, आणि हा रोज एस.टी.ने सरावाला जळगावला यायचा. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी जागा निघाल्या होत्या. अर्जासोबत प्रमाणपत्रं हवी होती, आणि कामगिरीची वर्तमानपत्रातली कात्रणं. अर्ज मीच टाईप करून दिला होता, कारण मी तेव्हा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचो. प्रमाणपत्र होतं. कात्रणाच्या जागी मात्र त्याचा गोल समोरच्याच्या पायाला चिकटवलेला.

मी अंक काखेत मारून थेट पेपरच्या कचेरीत गेलो. तिथे एक उपसंपादक कात्री आणि खळीचा डबा घेऊन बसले होते. मी आवाज चढवला. त्यांनी शांतपणे मला बसायला सांगितलं आणि धुळ्याची बातमी कशी येते ते समजावलं. बातमीचं पाकीट पाचच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं, इथे स्टँडवर आमचा माणूस ते उतरवून घेतो. म्हणजे चारला सुरू झालेल्या सामन्याची बातमी पावणेपाचला लिहून तयार. गोल झाला सव्वापाचला. निकाल मागाहून फोनवर कळला, आणि फोनवर त्या गृहस्थांनी जे सांगितलं ते यांनी शेवटी जोडलं. ज्या अर्ध्या खेळात माझ्या मित्राने मैदान गाजवलं, तो अर्धा खेळ बातमीदाराने बघायच्या आधीच लिहून टाकला होता.

मी म्हणालो, मग चूक झाली असं छापा. ते म्हणाले, एका गोलसाठी खुलासा छापला तर उद्या मला पेपरात दुसरं काही छापता येणार नाही. मग माझ्याकडे बघून त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. पुढच्या महिन्यात परतीचा सामना जळगावलाच आहे, म्हणाले, एवढी कळकळ आहे तर तुम्हीच लिहून आणा. मी एका पायावर तयार झालो. अर्जाची मुदतही अजून संपली नव्हती.

परतीच्या सामन्याला मी वही-पेन घेऊन रेषेवर बसलो. मित्राचा घोटा आदल्या आठवड्यात मुरगळलेला होता, आणि तो लपवून खेळत होता. त्याला धड पळता येईना. एक पेनल्टी मिळाली, ती त्याने बांबूच्या बाहेर मारली. धुळ्याकडून मात्र एक काटकुळा पोरगा अनवाणी खेळत होता. त्याने मैदानाच्या मधून चेंडू घेतला, आमच्या तिघांना चकवलं आणि असा काही गोल केला, की आमच्याच बाजूचे लोक उभे राहिले. मीही उभा राहिलो होतो. शेवटी आम्ही एक गोल फेडला, तोही धक्काबुक्कीत, कुणाचा पाय लागला हे मारणाऱ्यालाही कळलं नाही. सामना बरोबरीत सुटला.

घरी येऊन मी बातमी लिहायला बसलो. अर्जाची मुदत डोळ्यांसमोर होती. धुळ्याचा गोल आमच्या गोलकीपरचा पाय घसरल्याने झाला, असं लिहिलं. आमचा गोल मित्राच्या नावावर घातला. पेनल्टीचा विषयच काढला नाही. ‘सामन्याचा खरा मानकरी’ हे शब्द लिहिताना पेन अडलं, असं आता म्हणायला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मला मजा आली. इतक्या वर्षांचं उट्टं निघत होतं. बातमी शब्दन्‌शब्द छापून आली, आणि वर त्याच चार बोटांत, ‘आमच्या प्रतिनिधीकडून’.

पेपरचे पाच अंक घेऊन मी एरंडोलची गाडी पकडली, आणि तिथून पायी मित्राच्या गावी गेलो. तो ओट्यावर घोट्याला हळदीचा लेप लावून बसला होता. मी कात्रण त्याच्या हातात दिलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. त्याने ते दोनदा वाचलं. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायची त्याची सवय होती. मग नीट घडी घालून माझ्याकडे परत केलं.

‘‘हाई माले नको,’’ तो म्हणाला. ‘‘त्या बातमीदारनी मना गोल खादा. आते तू त्या धुयाना पोऱ्याना खादा. बठ्ठा एकच शेतस.’’

आम्ही सगळे सारखेच, हे ऐकून मी चिडलो. नोकरी कुणाला हवी आहे, मला की तुला, असं विचारलं. धुळेवाले वर्षानुवर्षं हेच करतात तेव्हा त्यांना कुणी काही म्हणत नाही, आणि आपण एकदा केलं की पाप, हेही ऐकवलं. तो वाद घालत बसला नाही. अर्ज त्याने नुसत्या प्रमाणपत्रावर पाठवला, आणि त्याला ती नोकरी मिळाली नाही. कात्रण नसल्यामुळे की आणखी कशामुळे, हे आम्हाला कुणी कळवलं नाही. त्याचा मला आजही राग येतो. पेपरवाल्यांचा येतो, मित्राचा येतो, आणि माझा तर येतोच.

त्या दिवशी निघताना त्याने मला ओट्यावरूनच हाक मारली. त्या पोरालाही कुठे अर्ज करायचा असेल, म्हणाला, त्याला आपणच एक चिठ्ठी लिहून देऊ, खरा गोल कसा झाला त्याची, आपल्या दोघांच्या सह्यांची. मग त्याने विचारलं, ‘‘त्या पोऱ्यानं नाव काय शे?’’

मी वही काढली, पानं चाळली. आमच्या अकरा जणांची नावं होती. त्याचं मी विचारलंच नव्हतं.