ह्या टायमाला पानी कुणी घातलं?

"हे बघा," पुण्याच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बाटली शिकाऊ डॉक्टरांसमोर धरली. "माणसाच्या छातीतला तुकडा. यांनी भेंडीसारखा धुऊन आणलाय."

पोरंपोरी हसली. आईही हसली. डॉक्टर हसतायत म्हणजे काहीतरी बरं असेल, असं तिला वाटलं. तिचं ते हसू मला आजही गिळवत नाही.

आई खोऱ्यातल्या पासली गावची. भातलावणीत छातीतली गाठ हाताला लागली, ती कापणीपर्यंत कुणाला बोलली नाही. मी वरव्याला खोली घेऊन कंपनीत पॅकिंगला जाते. मला कळलं तशी तिला भोरला नेली. तिथल्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला, बाटलीत घातला, बाटली आईच्या हातात दिली. "पुण्याला द्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघतील." एवढंच. बाटलीत काय ओतलंय, कशाला ओतलंय, कुणी सांगितलं नाही.

वडापच्या रिक्षात झाकणातून औषधाचा उग्र वास सुटला. शेजारणीच्या मांडीवरचं तान्हं ठसकायला लागलं. लोक कुरकुरले. नसरापूरला उतरून मी बसची चौकशी करायला गेले, तेवढ्यात आईनं नळावर बाटली ओतली, विसळली, चांगलं पाणी भरलं. "माज्याच अंगाचं हाय की," म्हणाली, "असल्या वासात कशाला ठिवायचं?" पुण्यात पोचलो तर इस्पितळातली तुकडे घ्यायची खिडकी बंद झालेली. बाटली दुसऱ्या दिवशी दिली. तोवर तुकडा नासला होता. ते औषध तुकडा टिकवायला होतं, हे आम्हाला त्या हसण्यातून कळलं.

भोरला परत कापलं. आधीची जखम अजून ओली होती. आई दात आवळून पडून राहिली. या खेपेला बाटली माझ्या मांडीवर. वासानं डोळ्यांतून पाणी. लोक बोलायचं ते बोलले, मी झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही.

पुढच्या आठवड्यात पुण्याला बोलावलं. मोठे डॉक्टर फोनवर भोरच्या डॉक्टरांशी बोलत होते. आम्ही समोर उभ्या, शिकाऊ डॉक्टर मागं. आम्हाला काय कळतंय, असं धरूनच बोलत होते. "अवघड आहे. कॅन्सरसारखं दिसतं, पण साध्या गाठीतला गुंताही असाच दिसतो." फोन ठेवला आणि आईकडे वळले.

"कॅन्सर आहे. स्तन काढून टाका. या वयात ठेवून तरी काय करायचंय?"

आईनं पदर पुढं ओढला. "व्हय सायेब," म्हणाली.

माझं डोकं सणकलं. "आत्ता फोनवर अवघड हाय म्हनला. नक्की ठाऊक न्हाई, असं म्हना की."

"तू मला शिकवणार? तुकडा तुम्हीच नासवलात."

"पयल्यांदा आमी पानी घातलं. ह्या टायमाला कुणी घातलं?"

या वेळी कुणी हसलं नाही.

नक्की कळायला काय लागतं, मी विचारलं. ते चिडूनच बोलले. तुकड्याला वेगळे रंग लावून बघता येतं. गाठीतल्या नळ्यांच्या कडेचा पेशींचा थर शाबूत आहे का मोडलाय, ते दिसतं. म्हणजे बांध फुटलाय का नाही, एवढंच. जन्मभर भात लावलेल्या बाईला हे कळलं नसतं?

"मग लावा रंग. तवर आई सुरीखाली जायाची न्हाई."

लावले. बांध फुटला होता. कॅन्सरच निघाला. आईचा स्तन गेला.

"बघ, मी सांगितलंच होतं," डॉक्टर म्हणाले.

सांगितलं नव्हतं. अंदाज केला होता, आणि त्या अंदाजावर माझ्या आईचं अंग कापायला निघाले होते. अंदाज खरा ठरला म्हणून मी मान खाली घालणार नाही. उद्या दुसऱ्या कुणाच्या आईच्या बाबतीत तो चुकेल, आणि तो नुसता अंदाज होता, हे तिलाही कुणी सांगणार नाही.

आता आमच्या खोऱ्यातली कुणी बाई बाटली घेऊन निघाली की मी कामावर खाडा करून तिच्याबरोबर जाते. वाटेत दोनच गोष्टी सांगते.

"ह्यात पानी घालू नगं. आन् डॉक्टर हसला, तर तू हसू नगं."