भोपळ्यातल्या म्हातारीला आलेला दोंडाईच्याचा फोन

निवृत्त झाले त्याच वर्षी मी आयुष्यातली पहिली गोष्ट लिहिली आणि ती आमच्या जळगावच्या एका दिवाळी अंकात छापून आली. शाळेत सगळा जन्म विज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे गोष्टही विज्ञानाचीच झाली. मूळ गोष्ट आपल्या सगळ्यांची: लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत तिला खायला टपलेली जनावरं, आणि परतताना तिला सुखरूप आणणारा भोपळा.

मी फक्त ती आभाळात नेली. लेक मंगळावरच्या वस्तीत नोकरीला. वाटेतले कोल्हा नि वाघ म्हणजे ओस पडलेल्या तळांवर माणसांनी मागे सोडलेली यंत्रं. त्यांना मांस नको, धातू हवा, कारण त्यांचे स्वतःचे सांधे झिजलेले. आणि म्हातारीच्या दोन्ही गुडघ्यांत शस्त्रक्रियेनं बसवलेला धातू. ती त्यांना सांगते, "आत्ता माझ्यात आहे तरी काय? लेकीकडे जाते, आणखी दोन-चार नवे भाग बसवून घेते, मग बघा." येताना भोपळ्यासारख्या गोल यानातून ती त्यांच्या समोरून निसटते.

संपादकांनी गोष्टीखाली माझा फोन नंबर छापला होता. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून भरलेलेच होते आणि फोन सुरू झाले. मुक्ताईनगरच्या एका केळीवाल्या शेतकऱ्यानं विचारलं, "मॅडम, भोपळाच का? आमच्या भागाचा विचार करून केळीच्या घडासारखं यान काढायचं ना!" धुळ्याच्या एका गृहस्थांनी लहान मुलांच्या गोष्टीची मी कशी वाट लावली ते सविस्तर ऐकवलं. मला त्यांचाही राग आला नाही. मी लिहिलेलं अनोळखी माणसं वाचतात, त्यावर भांडतात, याचंच मला इतकं अप्रूप होतं की फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायची.

मग दोंडाईच्याजवळच्या एका गावातून फोन आला. पलीकडून ठणठणीत आवाजात एक म्हातारी बाई म्हणाली, "तूच का व ती भोपयावाली?"

"हो, मीच."

"मन्हा बी दोन्ही गुडघामा लोखंड शे. तुले कसं समजनं?"

मला हसूच आलं. त्यांना घरीदारी सगळे अक्का म्हणायचे. अक्कांना अक्षरं नीट दिसत नव्हती. सुनेनं दुपारी गोष्ट वाचून दाखवली होती. एकदा नाही, दोनदा. दोन वर्षांपूर्वी धुळ्याला त्यांचे गुडघे बदलले होते. ऑपरेशन चांगलं झालं, पण पडण्याची भीती मनात बसली ती बसलीच. ओसरी ते अंगण, याच्यापुढे त्या गेल्या नव्हत्या. लेक पिंपळनेरला दिलेली, तिच्या घरीसुद्धा नाही. "तू ये," त्या म्हणाल्या, "मले बोलनं शे."

पुढच्याच आठवड्यात मी सकाळची गाडी धरून दोंडाईच्याला उतरले. अक्कांचा मुलगा स्टेशनवर घ्यायला आला होता. त्यांच्या अंगणात लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या, नाकाला झणका बसत होता. मिरच्यांच्या कडेला चार-पाच शेजारणी सतरंजीवर बसल्या होत्या. सगळ्यांनी गोष्ट ऐकलेली! मी हातपाय धुते न धुते तोच वाद सुरू झाला.

एक शेजारीण म्हणाली, "बाई, तुमच्या म्हातारीनं त्या यंत्रांना फसवलं. कबूल केलं नि दिलं नाही."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण अक्काच कडाडल्या, "वाटमा कोनी आडवा उना, ते तू खरं सांगशी का?"

सगळ्या खो खो हसल्या. शेजारीण काही ऐकेना. यंत्रं तरी कुणी टाकून दिली, त्यांचा काय दोष, असं तिचं म्हणणं. मी दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. इतकी वर्षं वर्गात प्रश्न मीच विचारले होते. आज माझ्याच गोष्टीवरच्या प्रश्नांना मला उत्तरं येत नव्हती, आणि त्यात भलताच आनंद वाटत होता.

ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन झालं तशा अक्का काठी टेकून उठल्या. मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ. मी पिंपळनेरले जासू."

"आई, आत्ता? एवढा रस्ता झेपेल का?"

"ती म्हतारी मंगयवर गयी," अक्का म्हणाल्या, "मी साक्रीना पुढे नही जाऊ?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. जणू मीच जबाबदार! कागदावरची म्हातारी पडली असती तर मी ओळ खोडली असती. ही पडली तर? पण अक्कांनी चप्पल घातली होती, सुनेनं मिरचीची पिशवी भरून दिली होती. मुलगा उठला. अक्कांनी मला हाताला धरून गाडीत बसवलं.

साक्रीला चहासाठी थांबलो. अक्का स्वतःहून उतरल्या, काठी टेकत गाडीला एक पूर्ण फेरी मारली आणि मुलाकडे बघून नुसत्या हसल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो चहाचे पैसे द्यायला वळला.

पिंपळनेरला लेकीनं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थिजली. मग "माय!" म्हणून तिनं जी मिठी मारली, ती सुटेचना. ती जवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. भावजयीनं तिला माझी गोष्ट फोनवर फोटो काढून पाठवली होती. पाणी देता देता ती मला म्हणाली, "ताई, गोष्ट आवडली. पण एक विचारू? त्यातली लेक मंगळावर काम काय करते?"

मी फक्त "नोकरी" असं लिहिलं होतं.

"तिनं आईला जेवू घातलं, यान दिलं, झालं," ती म्हणाली. "जुन्या गोष्टीतही तेच. दिवसभर ती तिथं एकटी काय करते, कोणीच विचारत नाही."

अक्कांनी पेला खाली ठेवला. "मी बी कधी विचारं नही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग लेकीला शेजारी बसवून घेतलं. "सांग मंग. सकायपासून सांग."

लेक सांगू लागली. पावसाळ्यात पाड्याच्या वाटेवरचा नाला कसा ओलांडते, वजनकाट्यावर बसायला घाबरणाऱ्या एका चिमुरडीला आधी तिची बाहुली तोलून कशी दाखवते. अक्का मध्येच थांबवायच्या, "मंग?" आणि लेक पुन्हा सुरू व्हायची. चुलीवरचा भात खाली लागल्याचा वास आला, तरी आमच्यातलं कोणीच उठलं नाही.